दांडीची लाल खूण

मंगळवार, ११ मार्च

प्रिय ताई,

त्या दिवशी तू नक्की किती उंच गेलीस? आकडा सगळ्या वर्तमानपत्रांत छापून आला, आईला तो पाठ झाला आहे, पण दांडी लावणारी मी असूनही मला याचं उत्तर देता येत नाही. का, तेच सांगायला बसले आहे. आधी घरचं सांगते, नाहीतर म्हणशील, बुटकीनं पत्रातही भाषण सुरू केलं.

आम्ही बरे आहोत. जिना चढताना आईचा गुडघा कुरकुरतो आणि आई त्याहून जास्त. बाबांनी तुझा फोटो शिवणयंत्राच्या वर लावला आहे. गिऱ्हाईक माप द्यायला उभं राहिलं की आधी तुझी बांबूउडी ऐकायची, मग माप. आता बांबू नसतो, काचतंतूचा पोल असतो, असं मी सांगितलं, तर म्हणाले, मग काय काचउडी म्हणू?

शाळेत मला सातवीचा वर्ग मिळाला आहे. या महिन्यात मापनाचा धडा होता. तो मी दोनदा पुढे ढकलला. मुली बिचाऱ्या पट्ट्या घेऊन बसल्या होत्या.

संघाच्या शिबिरात तुमचे फोन काढून घेतात म्हणून पत्र, असं आईला सांगितलं आहे. खरं तर फोन असता तरी मी पत्रच लिहिलं असतं. तुझा आवाज ऐकला की मी इकडचं तिकडचं बोलून फोन ठेवते. स्पर्धेनंतर तू दोनदा फोन केलास आणि दोन्ही वेळा मी आईच्या गुडघ्यावरच बोलले.

ताई, तो दिवस तुला धावपट्टीच्या टोकावरून आठवत असेल. मी खांबापाशी होते. बहिणीच्या स्पर्धेत मला पंच करू नका, असं मी मुख्य पंचबाईंना म्हटलं होतं. त्या म्हणाल्या, बांबूउडीचे पंच काय झाडाला लागतात, उभी राहा. मी राहिले. मनातून आनंदच झाला होता, हेही लिहून टाकते.

जुन्या विक्रमापेक्षा दांडी बोटभरच वर होती. तुझी पहिली उडी चुकली. दुसऱ्या उडीत छाती लागून दांडी खाली आली. ती पुन्हा ठेवताना दोन गोष्टी बघायच्या असतात. एवढी लांब दांडी मधोमध थोडी झुकतेच. प्रत्येक वेळी तिचा झोक सारखा राहावा म्हणून तिच्या एका बाजूला लाल खूण असते आणि ती वरच यावी लागते. शिवाय विक्रमाची उंची असेल, तर दांडी ठेवल्यावर मध्यभागी नव्यानं मोजायचं. खूण खाली गेली तर दांडी एरवीपेक्षा बोटभर, कधी त्याहूनही जास्त झुकते. पंचांच्या परीक्षेत मला हा प्रश्न आला होता. मी आकृती काढून उत्तर लिहिलं होतं.

तेव्हा वारा फिरायला लागला होता. तू पोल उचलून उभी होतीस. आणि मला तुझं माहीत आहे, तुला ताटकळत ठेवलं की तुझे खांदे वर चढतात आणि पळण्यातला जोर निघून जातो. कपडे वाळत घालायची काठी टेकवून गटारावरून उड्या मारायचीस, तेव्हापासूनचं आहे हे. मी ‘थांब’ म्हटलं की तू हमखास गटारात. मग मैदान, पदकं, मनगट मोडणं, पुन्हा पदकं, घोट्याची दोन ऑपरेशनं, आणि शेवटी ‘आता पोरींना शिकव’ म्हणून सगळ्यांनी तुला गुंडाळून ठेवलं. त्या एका उडीसाठी तू परत आली होतीस. तुला थांबवायचं माझ्या जिवावर आलं.

मुख्य पंचबाई वाऱ्याची दिशा दाखवणारा पंखा बघत पलीकडे उभ्या होत्या. ‘मोजलं का,’ असं त्यांनी हातानं विचारलं. मी हातानंच ‘हो’ म्हटलं आणि तुला उडी घ्यायची खूण म्हणून पांढरा झेंडा वर केला.

मी मोजलं नव्हतं.

तू गेलीस. दांडी हललीसुद्धा नाही. सगळे गादीकडे धावले, मीही धावले, आणि दांडीखाली येऊन वर पाहिलं तर लाल खूण माझ्याकडे बघत होती. खालच्या बाजूला. मोजायची काठी मी हातात घेतली, तोवर कुणीतरी खांब उतरवले होते आणि तुमच्या सरांनी दांडी काढून फोटोसाठी तुझ्या खांद्यावर दिली होती. मग मोजायला काही उरलंच नाही. विक्रमाच्या कागदावर सही कर म्हणाले, मी केली.

तू दांडीच्या हातभर वरून गेली असशील, मी ते नाकारत नाही. पण विक्रम दांडीच्या उंचीचा असतो, आणि ती कुठे होती ते आता कुणालाच कळणार नाही.

आठवड्यानं मी पंचबाईंच्या घरी गेले. त्यांनी सगळं ऐकलं, चहाचे कप उचलून आत ठेवले आणि म्हणाल्या, घरी जा, मी काही ऐकलेलं नाही. मग फाटकापर्यंत सोडायला आल्या. तिथे म्हणाल्या, “तिची ही शेवटची संधी आहे पोरी. तुझ्या खरेपणाचं बिल तिच्या नावावर का फाडतेस?”

ताई, मी फाटक ओढून घेतलं आणि निघाले. तू कॉलेज सोडून नोकरी धरलीस, ती मी शिकावं म्हणून. घरात एकीनं तरी पदवी घ्यायची, म्हणालीस. मी घेतली. आणि जे शिकले, ते तुझ्यावरच उलटवलं.

तुला आधी विचारायला हवं होतं, हे मला कळतं. पण तू ‘सांगून टाक’ म्हणाली असतीस, तर माझी चूक तू आपल्या डोक्यावर घेतली असतीस. ‘नको’ म्हणाली असतीस, तर मी ऐकलं असतं, आणि पुढे तुझ्या प्रत्येक पदकाकडे वाकड्या नजरेनं पाहिलं असतं. मला दोन्हींची भीती वाटली. म्हणून तुझ्या आयुष्यातली एवढी मोठी गोष्ट मी तुला न विचारता ठरवली. मला खरं खाणार आहे ते हेच. झेंडा घाईनं वर गेला, पण हे मी पूर्ण विचार करून केलं आहे.

काल शाळा सुटल्यावर मी ॲथलेटिक्स संघटनेच्या कार्यालयात गेले. सचिव दोनदा म्हणाले, विचार करून या. विचार करूनच आलेय, असं मी सांगितलं. दोष तुझा नाही, पंचबाईंचाही नाही, खोटा ‘हो’ माझा आहे, हे लेखी दिलं. विक्रम मान्य होणार नाही. संघातली तुझी निवड त्याच्यावरच झाली होती, तीही आता थांबेल. निवडीआधी एक स्पर्धा उरली आहे. घोट्याचं काय करायचं ते तू आणि तुमचे सर ठरवा. संघटनेची चिठ्ठी दोन दिवसांत तुला मिळेल. त्याआधी माझ्या हातचं हे मिळावं म्हणून आजच टाकते आहे.

माफ कर, असं लिहीत नाही. ते मागायचा हक्क काल तिथल्या पायऱ्या चढतानाच मी सोडून दिला.

तू बोलली नाहीस तरी तुझीच,
बुटकी