उत्तर वाटेतून पाणबुडी जात नाही

११ मार्च, मंगळवार. दुपारी ४

आज सकाळी ११ वाजून ४२ मिनिटांनी विभागाच्या सेमिनार हॉलमध्ये माझा माईक बंद करण्यात आला. मी बोलत असताना. क्रियापद यायचं होतं.

डोकं शांत ठेवून नीट लिहून काढते. प्रसंग: माझ्या पीएच.डी.चा सबमिशनपूर्व सेमिनार. विषय: बंदराची सागरी सुरक्षा आणि पाणबुड्यांचा धोका. मुद्दा दुसरीतल्या मुलीलाही कळेल. बंदरात शिरायच्या वाटा दोन. दक्षिणेची खोल, उत्तरेची उथळ. चार्टवर, म्हणजे सागरी नकाशावर, उत्तर वाटेची खोली सतरा. सतरा मीटर पाण्यात पाणबुडी बुडी मारून जाऊ शकत नाही. म्हणून उत्तरेची गस्त बंद करून सगळ्या गस्तीनौका दक्षिणेला लावाव्यात. सहा वर्षं आणि सात प्रकरणं या सतरावर उभी आहेत.

नवव्या स्लाइडला पहिल्या रांगेतल्या एका निवृत्त कॅप्टननी हात वर केला. पाणबुडीवर नोकरी झालेली. मिशी चेहऱ्याच्या बाहेर आलेली. यापुढे त्यांना मिशीच म्हणेन. विचारतात, मॅडम, हे सतरा मीटर की फॅदम? मी म्हटलं, प्रश्न शेवटी. ते म्हणाले, हा शेवटपर्यंत थांबणारा प्रश्न नाही. मागे कोणीतरी फिदीफिदी हसलं. मग मी शिस्त या विषयावर चार शब्द बोलले. त्यावर आमच्या गाईडनी, वेळेअभावी म्हणे, माईक बंद केला.

मी चौतीस वर्षं भूगोल शिकवला. शेवटची नऊ मुख्याध्यापिका होते. माईक बंद करायचं काम माझं असायचं.

विभागाच्या संचालकांना पत्र पाठवलं. मागण्या तीन. लेखी माफी. सेमिनार पुन्हा, त्याच वाक्यापासून. मिशीला हॉलमध्ये बंदी. उत्तर मंगळवार, १८ मार्च, संध्याकाळी ५ च्या आत.

१२ मार्च

धाकट्या बहिणीला सगळं सांगितलं. एका घरात राहतो, सांगावं लागतं. ती शेंगा सोलत होती. सगळं ऐकून म्हणाली, बरं ताई, पण ते होतं काय? मीटर की ते दुसरं?

तो मुद्दाच नाही, हे तिला समजावलं. मुद्दा सभ्यतेचा आहे. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला शिकवलं होतं की दुसऱ्याचं बोलणं तोडणं आणि तोंड उघडं ठेवून खाणं एकाच पंक्तीतलं. बहीण म्हणाली, मीही त्याच शाळेत होते. मग विचारलंन, फॅदम म्हणजे किती. सांगितलं, एक वाव, सहा फूट. म्हणाली, म्हणजे जवळजवळ दुप्पट की. म्हटलं, शेंगांकडे लक्ष दे.

१४ मार्च

गाईडना भेटले. वयाने माझ्या भाच्याएवढे, केस त्याच्याहून कमी. सहा वर्षांत त्यांनी माझ्या प्रबंधातली एकच सुधारणा सुचवली: ऋणनिर्देशात त्यांच्या नावामागे डॉक्टर राहिलं होतं. आज मात्र चार्ट टेबलावर पसरून एकदम भिंगच लावलं. विचारलं, मॅडम, या चार्टचं शीर्षक कुठे गेलं? एकक त्याच्याखाली छापलेलं असतं.

शीर्षकाच्या जागी माझं लेबल आहे. प्रबंधाचं नाव, खाली माझं नाव, सोनेरी किनार. सहा वर्षांपूर्वी, चार्ट आणला त्याच दिवशी लावलं. कोरी जागा तेवढीच होती. म्हणजे कोरी नव्हती, पण कामाचं काही दिसत नव्हतं.

म्हणाले, लेबल काढून बघा. म्हटलं, गोंद उत्तम प्रतीचा आहे. म्हणाले, निघेल. म्हटलं, मी निघणारा गोंद घेत नाही.

प्रबंध देण्याची शेवटची तारीख ३० एप्रिल. दोन मुदतवाढी झाल्या, तिसरी मिळत नाही. त्यानंतर नोंदणी रद्द. हे त्यांनी मला सांगितलं, जसं काही मला ठाऊकच नाही.

१६ मार्च

उद्या लेबल काढून बघायचं. पक्कं.

१७ मार्च

चष्म्याचा स्क्रू ढिला आहे. अशा नाजूक कामाला नको.

१८ मार्च. संध्याकाळी ५.०१

उत्तर नाही. नवी मुदत २५ मार्च. मिशीवरच्या बंदीची मागणी मोठ्या मनाने मागे घेतली. राहिल्या दोन.

चार्टची दुसरी प्रत बघायला लायब्ररीत गेले होते. ती बाइंडिंगला गेली आहे. किती वाईट वाटलं ते शब्दांत सांगता येत नाही. परतताना पेस्ट्री घेतली.

बहीण म्हणाली, इंटरनेटवर असेल की. स्क्रीनवरच्या आकड्यांवर माझा विश्वास नाही.

२१ मार्च

केवळ मेंदूला व्यायाम म्हणून हिशेब केला. समजा, फॅदम. तर सतराचे एकतीस मीटर होतात. एकतीस मीटरमध्ये पाणबुडी, कप्तान बेताने चालवणारा असेल तर, बुडी मारून जाते. मग चौथ्या प्रकरणात शत्रू उत्तरेने आरामात आत येतो. पाचव्यात आपल्या सगळ्या गस्तीनौका दक्षिणेला उभ्या राहून त्याची वाट बघतात. सहाव्यात मी त्याबद्दल त्यांचं कौतुक करते. सातव्या प्रकरणाकडे बघवत नाही. ऋणनिर्देश तेवढा शाबूत राहतो.

व्यायाम पुरे.

२७ मार्च

संचालकांचं उत्तर आलं. एकच ओळ: आपले पत्र मिळाले. बहीण म्हणते यात काही नाही. तिला सरकारी भाषेतली धग कळत नाही. माणूस हादरल्याशिवाय इतकं थोडक्यात लिहीत नाही.

२ एप्रिल

लेबल एका बाजूने अर्धा सेंटिमीटर खाली होतं. सहा वर्षं कसं दिसलं नाही. तिरकी वस्तू मला खपत नाही. ते सरळ करण्यासाठी, केवळ त्यासाठी, किटलीची वाफ दिली. उत्तम प्रतीचा गोंद लगेच सुटला. दुकानदाराशी बोलावं लागेल.

खाली छापलं आहे: खोली फॅदममध्ये.

बरोबर माझ्या नावाखाली.

६ एप्रिल

तीन दिवस लिहिलं नाही. थंडी वाजत होती. बहिणीने दोनदा भात पुढे ठेवला, दोनदा उचलून नेला.  

शाळेत मी नकाशा वाचण्याआधी मुलींकडून म्हणून घ्यायचे: आधी शीर्षक, मग सूची, मग प्रमाण. जिने सूची न बघता बोट ठेवलं तिला बाकावर उभी करायचे. यातली एकही मुलगी आज आठवायला नको होती. पाच आठवल्या.

दुपारी चार्ट छापणाऱ्या कार्यालयाला कडक पत्र लिहिलं. एवढी महत्त्वाची गोष्ट मुंगीएवढ्या अक्षरात का. आणि ती अशा जागी का, जिथे कोणीही सुशिक्षित माणूस साहजिकच लेबल लावील.

८ एप्रिल

निश्चय. सातही प्रकरणं नव्याने लिहायची. अशक्य काहीच नाही. पहाटे पाचला उठायचं. वेळापत्रक केलं: सकाळ निळी, दुपार हिरवी, संध्याकाळ लाल.

९ एप्रिल

वेळापत्रक पुन्हा केलं. लाल रंग उग्र दिसत होता.

१२ एप्रिल

मिशीचा फोन. नंबर गाईडनी दिला असणार, नावामागे डॉक्टर असलं तरी पोटात काही राहत नाही. म्हणाले, मॅडम, रागावला असाल. रागावले नाही असं मी ओरडून सांगितलं. म्हणाले, मी त्या दिवशी मुद्दाम मध्येच विचारलं. हाच प्रश्न व्हायव्हात बाहेरच्या परीक्षकाने विचारला असता तर तुमचं सगळं तिथेच संपलं असतं. आता निदान वेळ आहे. वरून म्हणाले, मेहनत खरी आहे तुमची, फक्त उलटी झालीय. मी येऊन बसतो हवं तर, उत्तर वाट मला पाठ आहे.

मी म्हटलं, दया दाखवायची ही पद्धत नव्हे. फोन ठेवला. मग बराच वेळ फोनपाशीच बसले. पुन्हा आला असता तर त्यांना पुन्हा हेच ऐकवायचं होतं. आला नाही.

१९ एप्रिल

पहिल्या प्रकरणाचा पहिला परिच्छेद झाला. अकरा दिवसांत. या वेगाने मी त्र्याऐंशीव्या वर्षी संपवीन.

दाराची नवी पाटी दिवाणखान्याच्या गेल्या रंगकामाच्या वेळीच करून घेतली होती, नावामागे डॉक्टर कोरून. साड्यांच्या खाली आहे. निवृत्त झाल्यापासून मला बाई म्हणणारं कोणी उरलं नाही. भाजीवाला मावशी म्हणतो, बँक ज्येष्ठ नागरिक म्हणते. मला काहीतरी हवं होतं. एवढंच. याहून जास्त लिहायची गरज नाही.

२५ एप्रिल

गाईड म्हणाले, मॅडम, आता वेळ नाही, आहे तसा सबमिट करा. एक तळटीप टाका, एककाबाबत मतभेद आहेत म्हणून. परीक्षक कुठे एवढं वाचतात. हे वाक्य मी जन्मभर जिचा तिरस्कार केला अशा कॉपी करणाऱ्या मुलीच्या तोंडी शोभलं असतं.

पाच प्रतींच्या बाइंडिंगचं ठरवून आले. गडद निळं कापड.

२६ एप्रिल

तळटीप लिहिली. फार सुरेख जमली. वाचताना दोनदा मलाच पटली. मग पाच प्रती बाइंडिंगला टाकल्या.

२९ एप्रिल

पाच प्रती घेऊन विद्यापीठाच्या काउंटरवर गेले. बहीण बरोबर आली, तीन तिने उचलल्या. जिन्यावर विचारलंन, ताई, या आपल्या गस्तीनौका खरंच हे वाचून दक्षिणेला जातील का गं? म्हटलं, वेडी आहेस, माझा प्रबंध कोण वाचतो. हे तोंडातून गेलं आणि जिना फार उंच वाटायला लागला.

रांगेत उभी राहिले. माझा नंबर आला. काउंटरवरचा क्लार्क न बघता हात पुढे करून म्हणाला, द्या आजी.

आजी. संशोधन विभागाच्या काउंटरवर. मी अशा कार्यालयाला माझं काम देणार नाही. पाचही प्रती उचलल्या आणि सरळ बाहेर आले. तो मागून हाका मारत होता, आजी, उद्या शेवटची तारीख आहे, नोंदणी जाईल. मी वळले नाही. तत्त्वाचा प्रश्न होता. बहिणीलाही तेच सांगितलं. ती हो म्हणाली आणि घरी येईपर्यंत चार प्रती तिनेच धरल्या. पाचवी मी धरली होती, ती तिने शेवटच्या चौकात घेतली.

३० एप्रिल, बुधवार. संध्याकाळी ५.३०

काउंटर बंद झालं असेल.

कुलसचिवांना पाठवायच्या पत्राची पक्की प्रत येथे उतरवून ठेवते.

महोदय, दिनांक २९ रोजी आपल्या काउंटरवर झालेल्या वागणुकीमुळे मला माझा प्रबंध सादर करता आला नाही. त्याबद्दल मी आपणांस क्षमा करीत आहे. तथापि, याच काळात माझ्या असे निदर्शनास आले आहे की बंदराची उत्तर वाट पाणबुड्यांसाठी सताड उघडी असून ही गंभीर बाब आजवर एकाही संशोधकाच्या लक्षात आलेली नाही. काहींनी तर नेमके उलट प्रतिपादन केले आहे. या विषयावर मी नव्याने संशोधन करू इच्छिते. पाणबुडीवर काम केलेले एक निवृत्त कॅप्टन साहाय्य करण्यास तयार असावेत; त्यांना मी उद्या फोन करणार आहे.

करिता, सदुसष्टाव्या वर्षी नव्याने नोंदणी करता येते किंवा नाही, याचे लेखी उत्तर गुरुवार, १५ मे, संध्याकाळी ५ वाजेपर्यंत मिळावे. अन्यथा मला नाइलाजाने पुन्हा रांगेत येऊन उभे राहावे लागेल.