जुहू ते बसरा: एकोणीस तास

२ जून १९३६, शहापूर
आजपासून रोजनिशी. संकल्प एकच, जयरामला पत्र टाकायचं. मुलगा बसऱ्याच्या बंदरात फिटर म्हणून गेला त्याला पाच महिने झाले. म्हशाच्या जत्रेत चारचौघांत मी त्याला पुन्हा तोंड दाखवू नकोस म्हणालो, हे खरं. पण तो ऐकेल असं कुठं वाटलं होतं? एरवी कधी ऐकायचा नाही. त्याचं पत्र घरात घ्यायचं नाही, असंही मी त्याच्या आईला, सकुबाईला बजावलं होतं. एकही आलं नाही. म्हणजे माझा धाक अजून आहे.

५ जून
पत्र विमानाने धाडणार. शाळेच्या नकाशावर दोरा धरून मोजलं. जुहू ते कराची साडेसहाशे मैल, पुढे बसरा साडेबाराशे. ताशी शंभर धरले तर एकोणीस तास. सकुबाईला सांगितलं. ती म्हणाली, मंग तुमी लिवलं का त्याला? हिला भूगोलात गोडी नाही.

९ जून
मायना अडला. 'चिरंजीव' लिहिलं तर राग गेला असं वाटेल. नुसतं 'जयराम' लिहिलं तर आहे असं वाटेल. उद्या नक्की.

१८ जून
बरं झालं टाकलं नाही. पोस्टमन काळूराम म्हणतो, पावसाळ्यात जुहूच्या मैदानात पाणी, विमान पुण्याहून सुटतं. गणित पुन्हा मांडायला हवं. त्यात ओलीने नकाशा फुगलाय.

३० जून
सकुबाईने पुन्हा विचारलं. पंधरा दिवसांत उत्तर येईल म्हणालो. पत्र लिहायचं राहिलंय, एवढा किरकोळ भाग सांगितला नाही.

८ जुलै
सकुबाईने जयरामचं ताट घासून पुन्हा फळीवर ठेवलं. वाईट वाटलं. दुपारी चार ओळी लिहिल्या. 'चूक दोघांची.' पुढे 'तुझी जास्त' जोडलं. मग कागद फाडला.

२४ जुलै
ओढ्याला पूर, शाळा बंद. म्हणून टपालाच्या वेळी घरी होतो. काळूरामने नेहमीसारखी सकुबाईला हाक मारली, मला पाहून हात मागे नेला. हातात जयरामचं पत्र. पाचवं. मी शाळेत गेलो की तो वाचून दाखवायचा आणि तिचं उत्तर लिहून आगबोटीच्या टपालाने धाडायचा.

सकुबाई म्हणाली, दर टायमाला इचारतो, बाबा अजून रागावलेत का. मी काय सांगू?

आजचं मी वाचलं. कंत्राट जूनअखेर संपलं होतं. बाबांची एक ओळ आली असती तर घरी यायचं मनात होतं. थोडे दिवस वाट पाहिली. आता आणखी दोन वर्षांची सही केली आहे.

काळूराम ओसरीत थांबला होता. 'चिरंजीव जयराम' लिहिलं. पुढचं सगळं पाच मिनिटांत झालं. विमानाने धाडू का, त्याने विचारलं.

आगबोटीने, म्हटलं. आता घाई नाही.