शऱ्या माझं चित्र काढत नाही

११ नोव्हेंबर १९९४
जयूचं चित्र झालं! मुंगूस. महेश्वरी साडी नेसलेलं, कपाळावर ठसठशीत कुंकू, पंजात माझा चष्मा. शऱ्या कापडात गुंडाळून घेऊन आला. मला वाटलं, आता ही त्याला चहासुद्धा देणार नाही. तर बाईसाहेब हसून हसून पलंगावर बसल्या. "अय्या, हीच मी!" लगेच बैठकीत खिळा ठोकला गेला.
ठोकला मी.

१३ नोव्हेंबर
शऱ्याने आतापावेतो काढलेली मंडळी: फ्रीगंजच्या बँकेचे मॅनेजर — बगळा, सफारी सूट, एका पायावर ध्यानस्थ. आमचे डॉक्टर — जळू, गळ्यात स्टेथोस्कोप. रामघाटावरचे पंडे विष्णूगुरू — कावळा, अंगावर जानवं, पुढ्यात पिंड. गुरूंना मुद्दाम विचारलं, राग नाही आला? "काहे का गुस्सा, भैया? कौए के बिना किसके पितर तरे हैं?" चित्राची झेरॉक्स यजमानांना दाखवत फिरतात!
संस्कृतात माणसाला मोठं म्हणायचं तर नरपुंगव, पुरुषव्याघ्र. एक बैल, एक वाघ. तेव्हा तत्त्वतः तक्रार नाही. तक्रार एवढीच — पाठशाळेपासून पस्तीस वर्षं त्याच्या शेजारी बसतोय, मी साधा बेडूकही नाही?

१७ नोव्हेंबर
विचारलंच शेवटी. टावर चौकात, कचोरी खाताखाता, सहज सुचल्यासारखं. शऱ्याने मला नीट निरखलं. "श्रीध्या, तुझ्यात काही दिसतच नाही रे. सभ्य माणूस तू."
सभ्य! घरी येईपर्यंत झोंबत होतं.

२२ नोव्हेंबर
परवापासून शऱ्याचं प्रदर्शन. दिल्लीच्या गॅलरीवाल्या निहारिकाबाई येणार, सगळी चित्रं घेऊन जाणार, जर्मनीत लावणार म्हणे. देशाची दारं उघडली ती नेमकी शऱ्यासाठी! पाठशाळेत ज्याला 'राम'ची रूपं धड येत नव्हती, तो जर्मनीला. मी वीस वर्षं इंदूरच्या पेपरला उज्जैनच्या बातम्या पाठवतोय, तिथे नावसुद्धा छापत नाहीत. 'निज संवाददाता.'
जयू पेढे वाटत सुटलीय. जणू मुंगूसच विमानात बसणार!

२४ नोव्हेंबर
उद्घाटनाला गेलो. टाळ्या वाजवल्या. घरी येऊन चार ओळींची बातमी लिहिली, इंदूरच्या बसने पाठवली. 'चित्र से पंडे-पुजारियों में रोष.'
रोष कोणालाच नव्हता.

२५ नोव्हेंबर
आता आहे.
सकाळी पेपर घाटावर पोचला. दुपारी पन्नास जण हॉलवर, घोषणा देत. सगळ्यांत पुढे विष्णूगुरू, मान खाली. माझ्याजवळून जाताना कुजबुजले, "क्या करूँ भैया, अखबार में छप गया तो नाराज होना पड़ता है."
कावळा फाडला. बाकीची चित्रं हॉलवाल्यांनीच उतरवली. निहारिकाबाई घाबरल्या, संध्याकाळच्या गाडीने रिकाम्या हाताने परत. जर्मनी राहिली. शऱ्या पायरीवर बसून कावळ्याचे तुकडे गोळा करत होता.
जयू म्हणाली, "अहो, तुमच्याच पेपरात आलंय. तुम्ही नाही ना?"
"छे! डेस्कवाल्यांनी परस्पर लावली असेल."

२६ नोव्हेंबर
जेवण गेलं नाही.
षड्रिपूंत मत्सर शेवटचा. लहानपणी पाठ करताना वाटायचं, किरकोळ असेल, म्हणून शेवटी ठेवलाय.

२८ नोव्हेंबर
शऱ्या आला. भांडला नाही. समोर स्टूल ओढलं, कागद काढला.
"हलू नकोस."
तासभर काढत होता. जाताना चित्र जयूच्या हातात दिलं.
तिने चित्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हसली नाही.