साहेबांचा बॉल

चंद्रपूर,
१२ मे

प्रिय ललिता,

सप्रेम नमस्कार. मी बरी आहे, गुडघा नाही. टाकीचं पाणी दुपारी हातावरसुद्धा घेववत नाही. नागपुरात मुलाकडे महिनाभर राहायला गेलीस, तरी तुझं काय वेगळं असणार म्हणा.

टेनिसचं नाव काढणार असलीस तर फोन करू नकोस, असं तू मला बजावलं होतंस. पत्राबद्दल काही बोलली नव्हतीस. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी मला वाक्य नीट ऐकायला शिकवलं आहे.

तर, बायकांना संध्याकाळचं कोर्ट मिळालं.

आपल्या क्लबचे सेक्रेटरी देवगडे साहेब सुखासुखी देणार नव्हतेच. "ऑफिस सुटल्यावर मेंबर येतात नं, बाई." मी विचारलं, "कोणाचं ऑफिस? इथं रॅकेट धरणारा एकूण एक माणूस पेन्शन खाऊन राह्यला." तर म्हणे, "तुम्ही काऊन मनावर घेता? लेडीजसाठी तीन वाजता कोर्ट मोकळंच असते." मे महिन्यात, चंद्रपुरात, तीन वाजता! मी सगळ्यांदेखत म्हटलं, रविवारी सकाळी एक सेट खेळा. हरले तर जन्मभर तीनलाच येईन. जिंकले तर सहा वाजता बायका. लोक ऐकत होते, त्यांना नाही म्हणता येईना.

त्यांचा जोडीदार अंकुश येरणे. ऑफिसात साहेबांच्या हाताखाली होता, अजूनही त्यांची बॅग तोच उचलतो. माझ्यासोबत करिश्मा, गडचांदूरच्या शाळेत पीटी शिकवते ती.

आधी आमची दाणादाण उडाली. मी जाळीपाशी, करिश्मा मागे, आणि आमच्या दोघींच्या मधून बैलगाडी जाईल एवढी जागा. साहेबांनी सगळे बॉल तिथेच घातले. वर सल्ला: "बाई, मागंच राहा. तोंडावर लागते." एक-चार झाले. मी करिश्माला म्हटलं, "पुढे ये. दोघी जाळीला. डोक्यावरून मारला तर तू पळ, माझे पाय रिटायर झालेत."

जवळ गेल्यावर दिसलं. बॉल त्या दोघांच्या मधे आला की अंकुश रॅकेट खाली घेऊन बाजूला सरकायचा. "सर, आपला!" बॉल त्याच्या हाताशी असला तरी! मग तू कायम ओरडायचीस ते आठवलं: कुंदे, रेषेवर कशाला मरतेस, मधे मार. मारला. "सर, आपला!" साहेब धावले, पण उशिरा. पुन्हा मारला. "सर, आपला!" चार-चार. साहेबांचा चेहरा टमाट्यासारखा. "अंकुश, घे नं बे तू!" पुढच्या बॉलला अंकुश गेला आणि सवयीनं साहेबही गेले. रॅकेटवर रॅकेट आपटली, बॉल दोघांच्या बुटांमधून मागे. करिश्मा नाचायला लागली, "बाई, अजून मधातच टाका!"

टाकले. सहा-चार.

अंकुश हात मिळवायला आला तेव्हा हळूच म्हणाला, "बाई, आजवर कधी साहेबांच्या पुढं गेलो नाई हो." हसत होता. फळ्यावरची नवी वेळ मी साहेबांनाच लिहायला लावली. अक्षर अगदीच वाईट आहे.

हे सगळं चवीनं लिहिलं, पण खरं कारण टाळत आले. डावीकडे पाहिलं की मला करिश्मा दिसत नव्हती. तीन वाजताच्या त्या उन्हात पडलेली तू दिसत होतीस. तुला बाकावर निजवून आम्ही ओला टॉवेल घातला, आणि साहेब म्हणाले, "झेपत नाई तर खेळता कशाले?" तू डोळे मिटून होतीस, पण ऐकलंस. मला माहीत आहे, कारण त्यानंतर तू रॅकेट उचललीच नाहीस. त्या वाक्याला उत्तर द्यायचं होतं. दिलं.

आता अडचण अशी, की सहाला करिश्मा थांबू शकत नाही, तिची बस चुकते. डॉक्टरांनी तुला उन्हात जाऊ नकोस म्हटलंय ना? सहाला आपल्या कोर्टावर ऊन नसतं. काल मी स्वतः जाऊन उभी राहून पाहिलं.

डावी बाजू मी कोणालाही दिलेली नाही.

उजवीकडे उभी असलेली,
तुझी कुंदा