रक्तपेढीच्या भिंतीवरची जाड रेघ

प्रति,
मा. संचालक,
सीदी बू-हलाल रुग्णालय, स्फाक्स.

विषय : रक्तपेढीच्या कार्यप्रवाह आकृतीतील जाड रेघ खोडण्यास परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ : आपले नकारपत्र, दि. ९ फेब्रुवारी.

महोदय,

१. मी हिशेम बूझय्यान. कोणी काय करायचे आणि नंतर कागद कुठे जायचा, हे बाणांनी दाखवणाऱ्या आपल्या रुग्णालयातील सर्व आकृत्या माझ्याच हातच्या आहेत.

२. दोन बाण एकत्र येतात तिथे मकरूद मिठाईच्या वडीसारखी तिरपी चौकट असेल, तर कोणताही एक बाण पोहोचताच काम पुढे सरकते. जाड रेघ असेल, तर सगळे येईपर्यंत थांबायचे. शुक्रवारी घरातले सगळे बसल्याशिवाय कुसकुसला कोणी चमचा लावत नाही, तीच ही रेघ, असे मी परिचारिकांना शिकवत असे.

३. नातेवाइकाने बदली रक्त द्यावे किंवा डॉक्टरांची तातडीची चिठ्ठी यावी, एवढाच नियम होता. मी तिथे चौकटीऐवजी रेघ ओढली. कागदावर जागा कमी होती आणि रेघ सुबक दिसत होती. दुसरे कारण नाही. नवीन वर्षाच्या पहिल्या आठवड्यात आकृती भिंतीवर लागली.

४. दि. २९ जानेवारीस माझी पत्नी नाजेह बाळंतपणात रक्तस्रावाने अत्यवस्थ झाली. चिठ्ठी दहा मिनिटांत आली. मला पूर्वी कावीळ झालेली असल्याने माझे रक्त चालेना. तिचा भाऊ रझी करकेन्ना बेटावरून निघाला, पण वाऱ्यामुळे बोट सुटेना. रक्तपेढीतील बाई म्हणाल्या, “हिशेमभाऊ, चित्र तुमचंच आहे. एक बाण आलाय, दुसरा यायचाय. मी बाटली कशी देऊ?” रेघ चुकली आहे असे सांगून मी त्यांच्या पाया पडलो. त्यांनी तसे संचालकांच्या सहीने लेखी मागितले. नाजेहला हे कळले तेव्हा ती एवढेच म्हणाली, “तिच्यावर चिडू नकोस. तुझंच ऐकतेय ती.” ती अडीचला गेली. बोट सव्वातीनला लागली. मुलगी वाचली आहे, तिचे नाव अद्याप ठेवलेले नाही.

५. आकृती बदलण्याचीही ठरलेली आकृती आहे, तिच्याप्रमाणे यावे, असे आपण कळवलेत. तीही माझीच आहे. तिच्या रेघेवर तीन सह्या यायच्या आहेत : आकृती काढणाऱ्याची, विभागप्रमुखांची आणि ज्या रुग्णाला त्रास झाला त्याची स्वतःची. नातेवाइकाची सही चालणार नाही, असे तळाशी मीच लिहून ठेवले आहे.

६. पहिल्या दोन सह्या जोडल्या आहेत. तिसरीसाठी काल मी कागद घेऊन कबरस्तानात गेलो होतो. ते शहाणपणाचे नव्हते हे मला कळते, पण दुसरीकडे कुठे जाणार? प्रसूतिकक्षात आज करकेन्नाची एक गरोदर बाई दाखल झाली आहे, तिचे नातेवाईक बेटावरच आहेत आणि वारा पडलेला नाही. तिची सही नियमात बसेल. मात्र त्यासाठी आधी तिला त्रास व्हावा लागेल, आणि नंतर सही करायला ती उरावी लागेल.

आपल्या उत्तराची वाट पाहणारा नम्र कर्मचारी,
हिशेम बूझय्यान
दि. १२ फेब्रुवारी

सोबत : १) दोन सह्यांचा कागद. २) मृत्यूचा दाखला.