सुजाताच्या शिडातला वारा

केनवड, गुरुवार, दिवेलागण

जहाज बंदराले लागलं म्हणून आज सुजाताचा फोन आला. शिडाच्या जहाजावर शिकायले गेली पोरगी, महिना होत आला. नवे नवे शब्द सांगत होती. डोलकाठी, सुकाणू, तांडेल. तांडेल म्हणजे खलाशांचा मुकादम. आपल्या घरची पोरगी खलाशी! मले अजून खरं वाटत नाही.

मी म्हटलं, "बाई, इकडं वारा सुटला का माहा जीव टांगणीले लागते. सोयाबीनवरची ताडपत्री उडते, तं तुमचं जहाज काय टिकन? रोज बुद्धापुढं मेणबत्ती लावते, अन् मनात एकच, वारा पडू दे."

हसली. "आई, वारा पडला का जहाज जागचं हलत नाही. मागं दोन दिवस शीड नुसतं लोंबत होतं, आमी बसून."

माह्या मागण्यानं? असं कुठं असते का. पण मनाले लागलंच.

आत्ता वारा सुटला. सुजाताचे बाबा ढिगावरून ओरडले, "दगड ठेव ना, पाहून काय राह्यली!" ताडपत्री कशी गच्च फुगली होती. शीड असंच फुगत असन का? दगड हातातच राह्यला माह्या.

मग मेणबत्ती लावली. वाऱ्यानं दोनदा विझली.

विझू दे.