अम्मांची दाद

१ फेब्रुवारी २०१२
आजपासून रोज दोन तास रियाज. आमच्या ‘मिसळ-सांबार’ बँडला लोणी काळभोरच्या कॉलेजच्या बँड-स्पर्धेची फायनल मिळाली आहे. पोवाडा, रॉक आणि तमिळ, सगळं एकत्र! कल्पना माझी. चाली, गिटार आणि तमिळ ओळी सेल्वमच्या. त्याचे आजोबा वेल्लूरहून येरवड्याला आले, त्यामुळे त्याला ते आपसूक येतं. विशेष काही नाही.

४ फेब्रुवारी
रियाज नाही. घसा. सेल्वमने तमिळ ओळी देवनागरीत लिहून दिल्या. अर्थ सांगायला लागला, मी थांबवलं. अर्थात अडकलं की भाव जातो. आमचा ड्रमर शकील म्हणाला, मराठीत तरी कुठे आहे तुझा भाव? पुण्यात कौतुक असंच करतात.

९ फेब्रुवारी
सेल्वमच्या अम्मा दवाखान्यात. फायनल उद्या. तो म्हणाला, जमणार नाही. मी समजावलं, डॉक्टर आहेत, बहीण आहे, तू तिथे काय गिटार वाजवणार? काही झालं तर बहीण फोन करेल, या बोलीवर तयार झाला.

१० फेब्रुवारी, दुपारी ४.४५
स्टेजमागे. सगळ्यांचे मोबाइल माझ्या पिशवीत. शिस्त! सेल्वमचा वाजला. तो साउंड चेकला, म्हणून मी घेतला. खुद्द अम्मा! आवाज अगदी बारीक. “वा... वा...” इतकंच. आमचं गाणं ऐकू गेलं असणार. मी थँक्यू म्हटलं. आजारपणातही दाद! सेल्वमला शोनंतर सांगेन. आत्ता उगाच हळवा होईल.

११ फेब्रुवारी
पाचवा नंबर. बँड पाचच होते.
अम्मा काल साडेसहाला गेल्या. आम्ही निकालाची वाट बघत होतो. पिशवीत बहिणीचे अकरा मिस्ड कॉल.

१४ फेब्रुवारी
सेल्वमकडे गेलो. धीर द्यावा म्हणून सगळ्यांदेखत सांगितलं, अम्मा माझ्याशी बोलल्या होत्या, गाण्याला वा वा म्हणाल्या. मग बहीण म्हणाली, “आमच्यात वा म्हणजे ये. अम्मा सेल्वमअण्णाला बोलावत होती.”
सेल्वमने फक्त विचारलं, अर्थ माहीत असता तर सांगितलं असतंस? मी लगेच म्हटलं, अरे, म्हणजे काय! तो उठून आत गेला.

१५ फेब्रुवारी
चूक भाषेची, माझी नाही. उद्यापासून तमिळ. रोज दहा शब्द.

२० फेब्रुवारी
एकही शब्द झाला नाही. शकील ड्रम घेऊन गेला.
सेल्वमचा प्रश्न डोक्यातून जात नाही. शो पाचला होता. त्याच्या गिटारशिवाय मला सूरही धरता येत नाही.
नसतं सांगितलं.